भिवजीची डावी बाजू

“डावी बाजू त्यानं उघडी का ठेवली, बाबा?”

लाडलेबाबांनी सुईत दोरा ओवला. मांडीवरच्या घोंगडीचं भोक बोटानं चाचपलं आणि पहिला टाका घातला.

“बाबा, मी विचारतोय.”

“ऐकलं मी.”

“मग?”

“तू स्वतः पाहिलीस ती बाजू?”

“हेर पाठवले होते. दोनदा.” आवजी शिरोळे ओट्यासमोर उभाच होता. बसायला सवड नव्हती. “घळीच्या तोंडाशी माणूस नाही, तोफ नाही. बाभळीची एक फांदीसुद्धा आडवी टाकलेली नाही. पहिल्या वळणापर्यंत जाऊन आले, पुढं जायची त्यांची छाती झाली नाही. आतून धूर निघतोय म्हणाले. तोफांच्या बत्त्यांचा असेल. भिवजी खराडे अशी चूक करणारा माणूस नव्हे.”

“मग चूक नसेल.”

“म्हणजे सापळा?”

बाबांनी दुसरा टाका घातला.

भैरवकोटचे राजे वारले त्याला दोन वर्षं झाली होती. मागे दोन राण्या, दोन मुलगे आणि गादी एकच. फौज मधोमध फाटली. आवजीनं धाकट्याची बाजू धरली, भिवजीनं थोरल्याची.

दोघंही लाडलेबाबांच्या हाताखाली अकरा वर्षं तयार झालेले. तेव्हा बाबा फकीर नव्हते, भैरवकोटच्या फौजेचे उस्ताद होते. चढाई कशी करावी आणि अंगावर आलेली चढाई कशी मोडावी, हे सगळ्या मुलखात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. आवजी चढाईत तरबेज निघाला. भिवजी बचावात. एक थांबायचा नाही, दुसरा हलायचा नाही.

फौज फुटली त्या दिवशी बाबांनी कमरेचा पट्टा सोडला आणि काळगंगेच्या काठावर या पडक्या तकियात, फकिराच्या मठीत, येऊन राहिले.

दोन वर्षांनी लढाई त्यांच्या दाराशी आली.

पलीकडच्या टेकाडावर दीड हजार माणसं घेऊन भिवजी बसला होता. अलीकडे आवजीची चार हजार. मध्ये नदीचा उतार, पायी ओलांडता येईल असा. पहिल्या दिवशी आवजीनं उजवीकडे हूल दिली आणि खरा घाव मधोमध घातला. भिवजीची राखीव तुकडी हुलीकडे धावेल असा त्याचा हिशेब होता. ती तसूभरही हलली नाही. पाण्याखाली दगड बांधून बुडवलेले काट्यांचे भारे होते. घोड्यांचे पाय त्यांत अडकले आणि मग वरून छर्रे सुटले. अडीचशे माणूस एका घटकेत गेलं.

दुसऱ्या दिवशी आवजीनं गाड्यांवर जाड फळ्या ठोकल्या आणि त्यांच्या आडून पायदळ पुढं काढलं. भिवजीनं त्यांना निम्म्या पात्रापर्यंत येऊ दिलं. एक गोळी झाडली नाही. मग वरच्या अंगाचा मातीचा बंधारा फोडला.

आज तिसरा दिवस.

“बाबा, ऐका.” आवजी ओट्याच्या कडेला टेकला. “नदी खाली वळते तिथं पाणी गुडघाभर आहे. पहाटेच सहाशे स्वार पलीकडे काढलेत. रखमाजी त्यांच्याबरोबर शेरणीच्या झुडपांत दबा धरून आहे. समोरच ती घळ. घळीतून वर निघालं की थेट भिवजीच्या तोफांच्या पिछाडीला. वाट मोकळी असेल तर लढाई घटकाभरात संपते. सापळा असेल तर सहाशेच्या सहाशे गेले.”

“मग नको जाऊस.”

“दुपारनंतर धाकट्याचे दौलतमामा येतायत. दोन हजार माणूस आणि आठ तोफा घेऊन. ते आले की सरदारकी त्यांची, मी त्यांच्या मागं. आणि मामा कसे येतायत ते ठाऊक आहे ना तुम्हाला? वाटेतली तीन गावं पेटवून. थोरल्याच्या फौजेला दाणा मिळू नये म्हणून.”

बाबांचा हात थांबला.

“ठाऊक आहे,” ते म्हणाले.

“म्हणून म्हणतो, मामा यायच्या आत संपवायचंय मला हे. तुम्ही भिवजीला ओळखता.”

“तुलाही ओळखतो.”

आवजी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग एकदम त्याच्या लक्षात आलं.

“तो आला होता इथं.”

बाबांनी पुढचा टाका घातला.

“बाबा, भिवजी आला होता?”

“आला होता.”

“कधी?”

“परवा. तुमची पहिली झटापट झाली, त्या संध्याकाळी.”

“काय विचारलं त्यानं?”

“एकच प्रश्न. तुझ्यासारखाच.”

“कोणता?”

“तो त्याचा आहे. तुझा तू विचारलास.”

आवजीच्या कपाळाची शीर तटतटली. अडीचशे माणसं नदीतून वाहत गेली होती आणि हा म्हातारा घोंगडी शिवत होता. “त्याला उत्तर दिलंत, मला देत नाही. अकरा वर्षं मीही तुमच्या पायाशी होतो. आम्हा दोघांत तुम्ही कुणाला धरलंय, एवढं तरी सांगून टाका.”

बाबांनी दोरा दातानं तोडला. घोंगडी खांद्यावर टाकली आणि काठी घेऊन उभे राहिले.

“चल.”

“कुठं?”

“डावीकडे.”

नदी ओलांडल्यावर शेरणीच्या झुडपांशी रखमाजीनं आवजीच्या घोड्याचा लगाम धरला. रखमाजी पन्नाशीचा, कानाची पाळी तुटलेला, आवजीबरोबर नऊ लढाया केलेला माणूस. त्यानं आधी बाबांकडे पाहिलं, मग धन्याकडे.

“धनी, फकिराच्या मागं एकटं जाता? आत काय आहे ठाऊक नाही.”

“तेच बघायला जातोय.”

“हे भिवजीरावांचेही उस्ताद आहेत.”

आवजी घोड्यावरून उतरला. हा विचार त्याच्याही मनात वाटभर घोळत होता.

“सूर्य डोक्यावर येईपर्यंत मी परतलो नाही,” तो म्हणाला, “तर सापळा आहे समजून थांबू नकोस. मी मेलो असं समज. नगारा वाजव आणि सहाशेच्या सहाशे आत घाल. जो आडवा येईल तो कापत वर जा.”

“जी.”

“कुणासाठी थांबायचं नाही.”

“जी, धनी.”

घळीचं तोंड जेमतेम चार घोडे जातील एवढं. दोन्ही बाजूंना काळे कडे. बाबा पुढं चालले होते. काठी दगडावर वाजत होती, चोरून चालायचा त्यांचा विचारच दिसत नव्हता.

आवजी चालत होता, पण त्याचे डोळे चालत नव्हते. ते प्रत्येक कपारीत थांबत होते. त्या उंबराआड मी दहा बंदूकवाले बसवले असते. त्या सुळक्यावर दगडांची रास. त्या अरुंद जागेत पहिला घोडा पाडायचा, मागचे आपोआप अडकतात. अकरा वर्षांत शिकलेलं सगळं डोक्यात एकामागून एक उभं राहत होतं आणि प्रत्येक ठिकाणी त्याला मरण दिसत होतं.

पहिलं वळण आलं. उंबराआड कुणी नव्हतं.

सुळक्यावर एक घार बसली होती. खाली माणसं दडलेली असती तर ती बसली नसती.

“बाबा...”

बाबा थांबले नाहीत.

दुसऱ्या वळणावर आवजीनं त्यांचा दंड धरला. जमीन तासून सपाट केलेली होती. वाळूची फाटकी पोती, चाकांच्या खोल चाकोऱ्या, दारूचा काळा डाग.

“इथं मोर्चा होता,” तो हळू आवाजात म्हणाला. “दोन तोफा. निदान शंभर माणूस. जागा पक्की निवडलेली. इथून सहाशे काय, दोन हजार अडवता आले असते.”

“हं.”

“काढला का मग? कुठं नेल्या तोफा?”

“पुढं बघ.”

आवजीनं तलवारीची मूठ धरली. हातची पक्की जागा सोडून भिवजी आणखी आत सरकला होता, म्हणजे आत याहून पक्की जागा असली पाहिजे. ती कशी असेल, हे त्याला काही केल्या सुचेना. आपल्याला सुचत नाही अशी जागा भिवजीला सुचली, याचीच त्याला जास्त भीती वाटली.

वर आभाळाची चिंचोळी पट्टी होती. सूर्य कड्याच्या काठाला येऊन भिडला होता.

तिसरं वळण.

आधी वास आला. नाचणीच्या आंबिलीचा, शेणाचा, आणि जखमांना लावतात त्या हळदीचा.

मग माणसं दिसली.

सातआठशे तरी असतील. बाया, म्हातारे, पोरं, गुरं. गुरांची तोंडं दाव्यांनी बांधलेली, हंबरू नयेत म्हणून. कड्याच्या पोटातून झरा पाझरत होता, त्याच्याभोवती चुली पेटल्या होत्या. तोफ थंड करायच्या पाण्याची तांब्याची मोठी घागर एका चुलीवर चढवून कुणीतरी त्यात आंबील शिजवत होतं. धूर होता तो हा.

आवजीच्या पगडीवरचा धाकट्याच्या बाजूचा तांबडा पट्टा दिसला आणि सगळी घळ गप्प झाली.

एक बाई उभी राहिली. पाठीशी पोर बांधलेलं. तिच्या हातात विळा होता. ती पळाली नाही, ओरडलीही नाही. नुसती वाटेच्या मधोमध येऊन उभी राहिली.

“कुठल्या तुम्ही?” आवजीनं विचारलं.

“आंदुरीच्या,” बाई म्हणाली. “आंदुरी जळली.”

आंदुरी मामांनी पेटवलेल्या तीन गावांपैकी एक होती.

“हे सगळे?”

“आंदुरीचे आहेत, पिंपळखेड्याचे आहेत, नदीच्या अलीकडचे, पलीकडचे. तुम्हाला कुणीकडचे हवेत?”

कड्याच्या सावलीत पंधरावीस माणसं आडवी पडली होती. त्यांतला एक कोपरावर उठला. त्याच्या मुंडाशालाही तांबडा पट्टा होता.

“सरदार?”

तो येमाजी गायखे होता. पहिल्या दिवशी उतारावर छर्रा लागून नदीत पडलेला. संध्याकाळी मेलेल्यांची नावं काढली, त्यांत आवजीनं स्वतः त्याचं नाव घेतलं होतं.

“तू... तुला तर...”

“भिवजीरावांच्या माणसांनी ओढून काढलं. रात्रभर काढत होते. दोन्हीकडचे. मग काल पाणी आलं तेव्हाही काढले.” येमाजीला धाप लागली. “सरदार, चढाई इथून आहे काय?”

शेजारची म्हातारी त्याच्या मांडीवर हळदीचा लेप थापत होती. तिनं हात थांबवला आणि वर पाहिलं.

आवजीनं नजर उचलली. माणसांच्या पलीकडे घळ सैल होत वर चढत होती. तिच्या टोकाशी टेकाड. टेकाडावर भिवजीच्या तोफा. सगळ्यांची तोंडं नदीकडे. गोलंदाजांच्या पाठी दिसत होत्या. एक जण सदरा काढून वारा घेत होता. चारशे पावलं. मध्ये ना मोर्चा, ना खंदक.

वाट खरोखरच मोकळी होती. फक्त ती या माणसांवरून जात होती.

“सापळा नाही,” तो पुटपुटला.

“नाही,” बाबा म्हणाले.

“त्यानं काय विचारलं होतं तुम्हाला? आता तरी सांगा.”

बाबा झऱ्याशी वाकले. ओंजळभर पाणी प्यायले. “त्यानं विचारलं, बाबा, आवजी इथून येईल का?”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“सांगितलं, मला माहीत नाही.”

“...आणि तरी त्यानं तोफा काढल्या?”

“त्याच संध्याकाळी. माणसं घळीत यायला लागली होती. म्हणाला, मी तोफ ठेवली तर समोरून तोफ येईल.”

आवजीच्या डोक्यात संताप चढला. कुणावर, ते त्याला नीट कळत नव्हतं.

“हा बचाव झाला? माणसं पुढं करून मागं बसायचं? रयतेची ढाल केली त्यानं!”

“तसं असेल.”

“तसं असेल? की तसं आहे?”

“ढाल केली म्हण, नाहीतर पदराखाली घेतलं म्हण. लांबून दोन्ही सारखंच दिसतं, आवजी.”

“मग खरं काय?”

“अजून ठरलेलं नाही,” बाबा म्हणाले. “ते तू ठरवशील.”

आवजी पुढं बोलणार होता. पण त्याची नजर जमिनीवर गेली. झऱ्याकाठच्या झाडाची सावली बुंध्याशी गोळा झाली होती. काठीची सावली काठीच्या पायाशी.

सूर्य डोक्यावर आला होता.

तो वळला आणि धावत सुटला.

तिसरं वळण ओलांडलं तेव्हा नगाऱ्याचा पहिला ठोका पडला. कड्यांनी तो झेलला आणि दहापट करून त्याच्या अंगावर टाकला. मग दुसरा. मग ठोके मोजता येईनासे झाले आणि त्यांच्या खालून दुसरा आवाज उठला. सहाशे घोडे.

जो आडवा येईल तो कापत वर जा. हे त्यानंच सांगितलं होतं. रखमाजी शब्द मोडणारा माणूस नव्हता.

दुसऱ्या वळणावरच्या तासलेल्या जागी आवजी पोहोचला. वाट तिथं सगळ्यांत अरुंद होती. त्यानं पगडी काढून हातात घेतली, तोंड ओळखू यावं म्हणून, आणि दोन्ही हात पसरून उभा राहिला.

धूळ आधी आली. मग भाल्यांची टोकं. मग रखमाजीच्या घोड्याचं फेसाळलेलं तोंड.

“थांब!”

कुणालाच ऐकू गेलं नाही.

रखमाजीनं त्याला पाहिलं ते दहा पावलांवरून. त्यानं लगाम खेचला तेव्हा घोडा मागच्या पायांवर बसला, घसरत आला आणि छातीनं आवजीला धडकला. आवजी कड्यावर आपटला. खांद्यात काहीतरी मोडल्याचा आवाज त्याला स्वच्छ ऐकू आला.

मागचे घोडे एकमेकांवर चढले. शिव्या, खिंकाळ्या, धूळ. आणि मग हळूहळू शांत झालं.

“धनी!” रखमाजी खाली उडी मारून आला. “वाट बंद आहे?”

“मोकळी आहे.”

“मोकळी आहे?”

“अगदी वरपर्यंत.”

“मग थांबवलं का?”

आवजीनं डाव्या हातानं आपला उजवा हात छातीशी धरला. बोलायला दम नव्हता. नुसत्या मानेनं मागं खुणावलं. वळणाच्या कडेला ती विळेवाली बाई येऊन उभी राहिली होती. पाठीवरचं पोर आता रडत होतं.

रखमाजीनं तिच्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या भाल्याकडे.

“आंदुरीचे आहेत,” आवजी म्हणाला. “पिंपळखेड्याचेही.”

“माझी बहीण दिली होती पिंपळखेड्याला,” रखमाजी म्हणाला. एवढंच.

नदीच्या अंगाला तुतारी वाजली. दौलतमामा दुपारनंतर यायचे होते. ते आधीच आले होते.

मामांचे हेर नक्कीच सांगणार होते की डावी बाजू उघडी आहे. आणि आत काय आहे हे बघायला मामा घळीत पायी जाणारे नव्हते. आधी आठ तोफा डागतील, मग आत शिरतील.

आवजीनं डोळे मिटले. क्षणभरच.

“रखमाजी, बाहेर चल. सगळे. घळीच्या तोंडाशी फळी धर. तीन रांगा.”

“तोंड कुणीकडे?”

“नदीकडे.”

“नदीकडून आपलेच येतायत, धनी.”

“हो.”

रखमाजी थोडा वेळ तुटक्या कानाची पाळी चोळत राहिला. मग त्यानं घोडा फिरवला.

सहाशे स्वार घळीच्या तोंडाशी उभे राहिले. मध्यभागी आवजी. उजवा हात पगडीच्या फडक्यानं गळ्यात बांधलेला, तलवार म्यानात. समोर नदी, आणि नदीतून पाणी उडवत येणारी दोन हजार माणसं.

आणि मग वरून, टेकाडावरून, एक आवाज आला. लाकडी चाकं दगडावर घासल्याचा.

रखमाजीनं मान वळवून वर पाहिलं. “धनी, भिवजीरावांनी दोन तोफा फिरवल्या. इकडे.”

“फिरवू दे.”

“आपण तोफेच्या माऱ्यात आहोत. पाठमोरे. त्यांना वाटणार आपण घळीत शिरतोय...”

“वाटू दे.”

“निम्म्यांची तोंडं तिकडे करतो. निदान मागची रांग.”

“एकाचंही नाही.”

“धनी...”

“एकाचंही तोंड फिरता कामा नये, रखमाजी. आपण वळलो की तो बत्ती देईल. मीही दिली असती.”

चाकं आणखी एकदा घासली. तोफ थोडी डावीकडे सरकवली असावी. किंवा उजवीकडे. आवजीच्या मानेवर घामाचा ओघळ आला आणि मणक्यावरून सावकाश खाली उतरत गेला. आयुष्यभर त्यानं शत्रूला तोंड दिलं होतं. त्याची पाठ एवढी मोठी आहे, हे त्याला आजच कळत होतं.

मामा आले. पांढरा घोडा, जरीचा शेला, वर छत्री धरलेली.

“आवजीराव! वाट मोकळी आहे म्हणे. मग उभे काय राहिलात? बाजूला व्हा.”

“आत रयत आहे, मामासाहेब.”

“कुणाची?”

“विचारलं नाही.”

मामांनी दात आवळले. “मी दोन दिवस मजल मारून आलोय. तुमच्या दोन चढाया फसल्या, तिसरी मी करतो. व्हा बाजूला.”

“नाही होता येत.”

“हुकूम आहे!”

“ऐकला मी.”

मामांचा हात वर गेला. मागं आठ तोफांचे बैल सोडले जाऊ लागले. आवजीच्या फळीतला एकही घोडा हलला नाही. कुणीतरी खोकलं, तेवढंच.

मग मामांची नजर आवजीच्या डोक्यावरून वर गेली. टेकाडावर. ती तिथंच अडकली. त्यांना वर तोफांची दोन काळी तोंडं दिसत होती आणि खाली, त्यांच्या बरोबर समोर, चढाईतला पहिला सरदार त्यांच्याकडे पाठ करून निवांत उभा होता.

त्यांचा हात सावकाश खाली आला.

“असं आहे तर,” ते म्हणाले. “फितुरी आहे. दोघांनी मिळून मला इथं खेचलंत!”

आवजीला ठाऊक होतं, खरं सांगून पटणार नव्हतं, आणि पटलं असतं तर मामांच्या तोफा सुटल्या असत्या.

मामांनी घोडा फिरवला. दोन हजार माणसं पाणी उडवत परत गेली.

वरची तोफ उडाली नाही. दिवस मावळेपर्यंत आवजी तसाच उभा राहिला आणि ती उडाली नाही. अंधार पडू लागला तसं घळीतून माणसं बाहेर निघाली, गुरांची तोंडं सोडली, स्वारांच्या रांगांमधून वाट काढत रानात पांगली. येमाजी गायख्याला चौघांनी झोळीत घातलं होतं.

त्यानंतर नदीवर लढाई झालीच नाही. मामा मागं हटले, भिवजीकडे पाठलागापुरतं माणूस नव्हतं. महिन्याभरात दोन्ही राण्यांचे कारभारी बोलणी करायला बसले. काळगंगेच्या वरचा मुलूख थोरल्याला, खालचा धाकट्याला. गादी अर्धी अर्धी झाली.

आवजीची सरदारकी गेली. दरबारात त्याचं नाव घेताना लोक थुंकत. पलीकडच्या दरबारात भिवजीलाही विचारलं गेलं, तावडीत आलेले सहाशे स्वार सोडलेस कसे? त्यानं उत्तर दिलं नाही म्हणतात. तो बायकापोरं घेऊन वरच्या मुलखात कुठंतरी शेती करायला गेला. आवजीला तो भेटला नाही. निरोपही आला नाही.

चार महिन्यांनी एका दुपारी आवजी तकियात आला. खांदा जुळला होता, पण वाकडा. हात खांद्याच्या वर जात नव्हता. तो आता तलवार उपसू शकणार नव्हता.

बाबा ओट्यावर पडले होते. बरेच थकलेले दिसत होते. आवजी पायाशी बसला.

“आमचे लोक मला फितूर म्हणतात,” आवजी म्हणाला. “पलीकडचे म्हणतात भ्यायला. मी रोज स्वतःला विचारतो. अकरा वर्षं तुम्ही दोनच गोष्टी शिकवल्यात. त्या दिवशी मी केली ती चढाई की बचाव?”

बाबांनी कूस बदलली.

“बरं, ते राहू द्या. एवढंच सांगा. भिवजी तुम्हाला भेटून गेला असणार. त्या दोन तोफा त्यानं फिरवल्या, त्या कुणावर रोखल्या होत्या? माझ्यावर, की माझ्या डोक्यावरून मामांवर?”

“भेटून गेला.”

“मग?”

“मी विचारलं नाही.”

“का नाही विचारलंत?” आवजीचा आवाज चढला. “बाबा, मला झोप लागत नाही. अजून ती चाकं घासलेली ऐकू येतात. तो मला मारणार होता की राखत होता? मला कळायला नको?”

बाबा कोपरावर उठले. आवजीच्या वाकड्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला.

“तू तिथंच उभा होतास. मान वळवली असतीस तर दिसलं असतं.”

“...हो.”

“सबंध दुपार होती तुझ्याकडे.”

आवजीची नजर पलीकडच्या टेकाडाकडे गेली.

“का नाही बघितलंस?”